जुन्या सायकलीला हबमधला गिअर द्या

जुनी काळी, दांडीची सायकल भंगारात काढताना बहुतेकदा एकच कारण सांगितलं जातं: तिला गिअर नाही. चढ आला की उतरावं लागतं, समोरून वारा सुटला की दम निघतो. तक्रार रास्त आहे, पण त्यासाठी सायकल टाकायची गरज नाही. मागच्या चाकाचा हब बदलला तरी काम होतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तीन गिअरचा हब बाजारात आणला, आणि आपल्या काळ्या सायकली ज्या इंग्रजी सायकलींच्या घडणीवर बेतल्या, त्यांच्यावर तो कित्येक दशकं बसत आला. हा गिअर या सांगाड्याला परका नाही. त्याच्या पोटात एका स्थिर दातेरी चाकाभोवती लहान चाकं फिरतात. स्टर्मीच्या नेहमीच्या हबमध्ये मधला गिअर साध्या सायकलीसारखाच चालतो. खालच्या गिअरला पायावरचा भार चौथाईने उतरतो, वरच्याला चाक तृतीयांशाने जास्त फिरतं. उड्डाणपूल चढायला एवढं बहुधा पुरतं. नाही पुरलं, तर मागची दातेरी चकती मोठी बसवावी.

चेन एका चकतीवरून दुसरीवर उडी मारते तो गिअर का नको? कारण त्यासाठी पूर्ण चेनकव्हर काढावं लागतं आणि पावसाळ्यातला चिखल थेट चेनवर येतो. हबमध्ये सारं बंद असतं, शिवाय सिग्नलला उभ्या उभ्या गिअर उतरवता येतो. गर्दीच्या शहरात या सोयीचं मोल फार मोठं आहे. जुन्या सांगाड्यात आसाच्या खाचा मागे उघडतात, म्हणून चाक मागे ओढून चेन ताणता येते, वेगळा ताणक लागत नाही. अडचण रुंदीची. जुन्या सांगाड्यात मागे साधारण ११० मिलिमीटर जागा असते, तर शिमानोच्या तीन गिअरच्या नेक्सस हबला १२० लागते. सांगाडा फाकवल्याने कमजोर होईल, ही भीती ॲल्युमिनियमच्या बाबतीत खरी आहे. पोलाद मात्र दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर थंडच वाकतं. पुढच्या नळीपासून मागच्या दोन्ही खाचांपर्यंत दोरी ताणून दोन्ही बाजू समान आल्या का, हे पाहायलाच हवं. जोडाशी तडा किंवा खोल गंज असेल, तर तो सांगाडा सोडून द्यावा.

खर्चाचा आक्षेप जास्त वजनदार आहे. जुन्या मागच्या रिमला ४० भोकं असतात, आज मिळणाऱ्या बहुतेक हबना ३६. म्हणजे रिम आणि आरेही बदलणं आलं. हा खर्च भंगाराच्या किमतीशी तोलला, तर वेडेपणा वाटेल. तो मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि चेनकव्हरसह मिळणाऱ्या नव्या गिअरच्या सायकलीशी तोलायला हवा. दुरुस्ती कोण करणार, असंही विचारतात. हब उघडण्याची वेळ क्वचितच येते. नेहमीचं काम केबल जुळवण्याचं, आणि आरे भरून चाक सरळ करणारे हात गल्लोगल्ली आहेत. आस फिरू नये म्हणून लागणारे खास वॉशर मात्र कुणी वगळू नयेत. सायकल कंपन्यांनी हब, ३६ भोकांची २८ इंची रिम, आरे आणि हे वॉशर एकाच संचात विकले, तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक हे काम आपल्याच दुकानात करू शकेल.