फावल्या वेळचे उद्योग : पुढच्या ॲक्सलचे दोन कोन

रेडिओलहरींच्या साहाय्याने दुरून चालविता येणाऱ्या छोट्या मोटारींत ‘रॉक क्रॉलर’ ही एक निराळीच जात आहे. बहुधा खऱ्या गाडीच्या एकदशांश आकाराची ही गाडी शर्यतीसाठी नसते. खडकांवरून आणि झाडांच्या मुळ्यांवरून संथपणे, न उलटता चढून जाणे हेच तिचे ब्रीद. ज्या घरात ती येते तेथे काही दिवसांनी दोन तक्रारी ऐकू येऊ लागतात. पुढची चाके वळविल्यावर नीट सरळ होत नाहीत, ही पहिली. चढावर पुढून खरखर ऐकू येते आणि गाडी हिसके देत चालते, ही दुसरी. मग मुले अधिक ताकदीच्या मोटरीसाठी हट्ट धरतात. मोटर बदलली तरी तक्रार राहतेच, आणि वाढलेल्या ताकदीने एखादा नाजूक सांधा मात्र तुटतो. पुष्कळदा दोष मोटरीत नसून पुढच्या ॲक्सलच्या कोनात असतो. तो काढावयास पैशापेक्षा धीर अधिक लागतो.

या गाडीचा पुढचा ॲक्सल जुन्या जीपसारखा अखंड असतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात रुबिकॉन नावाची खडकाळ वाट आहे. १९५३ साली त्या वाटेने जीपधारकांची पहिली ‘जीपर्स जॅम्बोरी’ सफर निघाली. तशा खडक चढणाऱ्या गाड्यांचीच ही लहान आवृत्ती होय. अखंड ॲक्सल म्हणजे जणू एकच तुळई. टोकांना चाके आणि पोटात डिफरन्शियल. म्हणून ती किंचित फिरविली की तिच्यावरचे सारेच फिरते. खरी अडचण येथेच आहे.

पहिला कोन कॅस्टरचा. सायकल बाजूने न्याहाळा. हँडलचा दांडा मागे कललेला दिसेल. ती कलती रेषा मनाने खाली वाढविली, तर चाक जेथे टेकते त्याच्या थोडी पुढे ती जमिनीस मिळते. त्यामुळे चाक तिच्यामागे ओढले जाते व आपण होऊन सरळ होऊ पाहते. क्रॉलरचे चाक ज्या खिळीभोवती वळते त्या किंगपिनचा माथाही असाच मागे कललेला हवा. आरंभी ५ ते १० अंश पुरेत. माथा पुढे झुकला तर वळलेले चाक आणखी वळू पाहते. फारच मागे गेला तर पूर्ण वळणावर टायर कडेवर कलतो आणि त्याची पकड कमी होते.

दुसरा कोन पिनियनचा. गिअरपेटीतून निघालेला शाफ्ट डिफरन्शियलच्या पिनियनला जेथे मिळतो, तेथे युनिव्हर्सल जॉइंट असतो. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने अभ्यासिलेला हा सांधा कोनातूनही शक्ती नेतो. परंतु त्याची गती एकसारखी राहत नाही. एका बाजूने मिनिटास १०० फेऱ्यांची स्थिर गती दिली, तर १० अंशांच्या कोनात दुसरी बाजू ९८.५ ते १०१.५ यांच्या दरम्यान हेलकावते. ३० अंशांत तीच सुमारे ८७ ते ११५ होते. चढावरील खरखर व हिसके यांचे मूळ बहुधा येथे सापडते. चाक खाली लोंबले की कोन आणखी वाढतो व सांधा अडकूही शकतो. म्हणून पिनियनचे तोंड थोडे वर, गिअरपेटीच्या दिशेने, असलेले बरे.

परंतु तोंड वर करावयाचे म्हणजे सारा ॲक्सल फिरवावयाचा. वरची दांडी लांब केली की ॲक्सलचा माथा पुढे जातो, पिनियन उचलला जातो, आणि त्याबरोबरच किंगपिनही पुढे झुकून कॅस्टर घटतो. एक सुधारावे तर दुसरे बिघडते. यावर उपाय एकच : क्रम पाळणे. आधी पिनियन, मग कॅस्टर.

बॅटरी बसवून गाडी सपाट काचेवर ठेवा आणि चाके सरळ करा. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा. कोनमापक मुलांच्या कंपासपेटीत असतोच. दोन्ही कोन मोजून वहीत टिपा. नंतर वरच्या दांडीचे टोक एकेक आटा फिरवून पिनियनचा कोन साधा. वरच्या दांड्या दोन असतील तर दोन्ही सारख्याच फिरवा. आता ॲक्सलच्या टोकांवरील, किंगपिन धरणारे, सी-हब पाहा. काही गाड्यांत ते स्क्रू सैल करून ॲक्सलवर फिरविता येतात. ते मागे फिरवून ओळंब्याशी किंगपिनचा कोन जुळवा. डावाउजवा कोन सारखाच ठेवा. सी-हब न फिरणारे असतील तर तडजोड करावी लागते. तेथे पिनियन थोडा खाली राहिला तरी चालेल, पण किंगपिनचा माथा पुढे झुकू देऊ नये.

शेवटी गाडी उचलून एक चाक वर दाबा, दुसरे लोंबू द्या, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून चाके हाताने फिरवा. सांधा अडकतो का, स्टिअरिंगची दांडी कोठे घासते का, हे येथेच कळते. मगच अंगणात चार विटा रचून गाडी चढवून पाहा. एका वेळी एकच बदल करावा, आणि प्रत्येक बदलाची नोंद मुलाच्या हातूनच वहीत व्हावी. नव्या मोटरीचा विचार त्या वहीचे पान भरल्यानंतर करावा. बहुधा तो करावा लागणारच नाही.