आठ तलवारी आणि मोकळे पाय

टॅरो कार्डांविषयी आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक, त्यात भविष्य दिसतं. दोन, ते सगळं थोतांड आहे, आणि आम्हा मुसलमानांच्या घरात तर हराम, विषय संपला. मला तिसरं मत मांडायचं आहे. कार्डात भविष्य दिसत नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कार्डावर एक चित्र असतं आणि चित्र वाचता येतं. ते वाचण्याचा अधिकार कुणाचा, हा खरा प्रश्न आहे. तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यापायी गेल्या वर्षी एका मुलीचा नर्सिंगचा प्रवेश अडला होता.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. शाळा कोकणात, खाडीपासून फार लांब नाही. ही माझी जुनी विद्यार्थिनी. बारावी सायन्स चांगल्या गुणांनी पास. वडील होडीवर जातात. अर्ज भरायची मुदत जवळ आलेली आणि आई अचानक नाही म्हणायला लागली. कारण विचारलं तेव्हा कळलं की आईने मोबाइलवर कुणा बाईकडून पाचशे रुपये देऊन मुलीसाठी कार्ड काढून घेतलं होतं. कार्ड निघालं ‘आठ तलवारी’. बाईने अर्थ सांगितला: मुलगी बंधनात सापडलेली आहे, चहूबाजूंनी शत्रू आहेत, यंदा घराबाहेर पाठवू नका. बंधन तोडण्याचा उपायही होता. त्याचे वेगळे एकावन्नशे.

मुलीने कार्डाचा फोटो मला दाखवला. ती स्वतःही घाबरलेली होती. चित्र पहिल्या नजरेत भीतीदायक आहेच. लाल झग्यातली एक बाई, डोळ्यांवर पट्टी, दंडांभोवती आणि अंगाभोवती कापडाचे वेढे, आजूबाजूला जमिनीत रोवलेल्या आठ उभ्या तलवारी. मागे उंच खडकावर किल्ल्यासारखी इमारत. आभाळ करडं.

बी.एड.ला आम्हाला चित्रवाचनाचे पाठ घ्यावे लागत. त्यातला पहिला नियम असा की अर्थ शेवटी विचारायचा. आधी काय दिसतं ते विचारायचं, मग काय दिसत नाही ते. मी तिला तेच केलं. बाई काय म्हणाली ते बाजूला ठेव, म्हटलं. चित्रात काय काय आहे ते एकेक सांग.

तिने सांगितलं. बाई, पट्टी, तलवारी, किल्ला, चिखल, पाणी. मग मी विचारलं, काय नाही? ती थोडा वेळ बघत राहिली. पहारेकरी नाही, म्हणाली. दुसरं माणूसच नाही. रक्त नाही. तलवारी कुणाच्या हातात नाहीत. आणि मग फोटो बोटांनी मोठा करून म्हणाली, “टीचर, हिचे पाय कुठे बांधलेत?”

बांधलेले नाहीतच. आणि समोरची वाटही मोकळी आहे. तलवारी बाजूला आणि मागे आहेत.

पुढचं तिने जे सांगितलं ते मला सुचलं नसतं. ती म्हणाली, “ही ओहोटी आहे. चिखलात पाण्याचे असे ओघळ ओहोटीलाच राहतात. भरती आली तर इथे उभं राहून चालायचं नाही. हिने आत्ताच निघायला पाहिजे.” एवढं बोलून ती गप्प झाली. अर्जाची शेवटची तारीख मी तिला आठवून दिली नाही. ती तिला माहीत होती.

आता कुणी म्हणेल, म्हणजे कार्डाने खरंच सांगितलं की! नाही. कार्डाने काहीच सांगितलं नाही. ओहोटी तिने लहानपणापासून पाहिली आहे. तारीख तिच्या डोक्यात टकटक करत होती. निघायचं आहे हे तिला आधीपासून वाटत होतं, पण ते म्हणायला तिच्याकडे शब्द नव्हते. चित्राने फक्त बोट ठेवायला जागा दिली. ज्याला लोक अंतःप्रेरणा किंवा आतला आवाज म्हणतात तो माझ्या मते हाच. त्यात गैबचं काही नाही. गैब अल्लाहला ठाऊक. आतला आवाज म्हणजे आपण पाहिलेलं, सोसलेलं, कानावर पडलेलं सगळं साठून राहिलेलं असतं आणि समोर एखादी आकृती आली की त्यातलं नेमकं काहीतरी वर येतं. नाडीवर हात ठेवणाऱ्या अनुभवी सुईणीला जे ‘वाटतं’, तेही असंच वाटतं.

कार्ड अशा रीतीने वाचता येतं याचं श्रेय एका चित्रकर्तीला आहे, आणि तिचं नाव फार कमी लोकांना माहीत आहे. पामेला कोलमन स्मिथ. जन्म १८७८, लंडन. आईवडील अमेरिकन, बालपणाचा काही काळ जमैकात. पुढे तिने लंडनच्या नाटकवाल्यांबरोबर काम केलं. १९०९ साली आर्थर एडवर्ड वेट या लेखकाच्या सांगण्यावरून तिने टॅरोचा पूर्ण जोड काढला, म्हणजे ७८ चित्रं. त्याआधीच्या बहुतेक जोडांत २२ मोठ्या पत्त्यांवर चित्रं असत, पण उरलेल्या ५६ मधल्या आकड्यांच्या पत्त्यांवर आपल्या खेळण्याच्या पत्त्यांसारख्या नुसत्या खुणा असत. आठ तलवारी म्हणजे आठ तलवारी, बस. त्यांचा अर्थ पाठ करावा लागे किंवा जाणकाराला विचारावा लागे. पामेलाने प्रत्येक पत्त्यावर एक प्रसंग उभा केला, रंगमंचावर पडदा वर जावा तसा. त्यामुळे पोथी न वाचलेल्या माणसालाही पत्त्याकडे बघून काहीतरी म्हणता येऊ लागलं. वेट यांनी स्वतःही या आठ तलवारींबद्दल लिहिताना हे कायमचं नव्हे, तात्पुरतं बंधन आहे असंच म्हटलं आहे. मोबाइलवरच्या बाईने तेवढंही वाचलेलं नसावं.

पामेलाला या कामाचे पैसे थोडे मिळाले. जोडाला नाव पडलं ते प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांचं. ती १९५१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात कर्जात वारली. तिच्या चित्रांवर जगभर लोक दुकान चालवतात आणि ज्याच्यासाठी चित्र काढलं त्या बघणाऱ्यालाच बघू देत नाहीत, हे मला फार खटकतं.

दुकान चालवणारे दुसरी एक गोष्ट सांगतात, की टॅरो हे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे. ही कल्पना १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने पसरवली. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी युरोपात कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्यॉंने ती उलगडायला सुरुवात केली १८२२ मध्ये. प्रत्यक्षात टॅरो १५व्या शतकात उत्तर इटलीत जन्मला तो खेळ म्हणून. डाव मांडायचा, हात जिंकायचे.

गंमत अशी की इजिप्तचा संबंध आहे, पण वेगळा. पत्ते युरोपात १४व्या शतकाच्या उत्तरार्धात गेले ते मामलूक सुलतानांच्या मुस्लिम जगातून. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात मामलूक पत्त्यांचा एक जुना जोड आहे. त्यात चार रंग: प्याले, नाणी, तलवारी आणि चौगान म्हणजे पोलोच्या काठ्या. युरोपियनांना पोलो माहीत नव्हता, म्हणून त्यांच्याकडे काठ्यांचे सोटे झाले. त्या पत्त्यांवर माणसाची आकृती नाही. नक्षी आहे आणि अरबी सुवचनं आहेत. राजाच्या खालच्या पत्त्याला ‘नायब’ म्हणत, आपल्या नायब तहसीलदारातला नायब. स्पॅनिशमध्ये पत्त्यांना आजही ‘नाइपेस’ म्हणतात, तो शब्द यावरूनच आला असं अभ्यासक मानतात. आपल्याकडे मोगल गंजिफ्याच्या ९६ पत्त्यांतही एक रंग शमशेरचा असे. सावंतवाडीत रंगवल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफ्याचे पत्ते १२०. तेव्हा त्या मुलीला घाबरवणाऱ्या तलवारी मुळात खेळातल्या आहेत, आणि एका अर्थाने आपल्याच घरून गेलेल्या आहेत.

हे सांगून मी धर्माचा प्रश्न टाळत नाही. कुरआनच्या सूरह माइदहमध्ये दारू आणि जुगाराबरोबर नशीब काढण्याच्या बाणांनाही मनाई आहे. भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज कबूल होत नाही, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मला हे बंधन वाटत नाही, संरक्षण वाटतं. उद्याची भीती विकून आजचे पैसे काढणाऱ्यांपासूनचं संरक्षण. पण हे बोलताना आपण आपल्या अंगणातही बघावं. दिवान-ए-हाफिज उघडून फाल काढायची रीत थेट बादशहांपर्यंत होती. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयात हाफिजची एक प्रत आहे, तिच्या समासात हुमायून आणि जहांगीर यांनी काढलेल्या फालच्या नोंदी आहेत. इराणात तर मोठमोठ्या चित्रांचे फालनामे बनत. आणि आज? पैसे घेऊन ‘तुमच्यासाठी इस्तिखारा करून देतो’ म्हणणारे आपल्यातच आहेत. इस्तिखारा ही ज्याची त्याने मागायची दुआ आहे. ती ठेक्याने देता येत नाही. पिंजऱ्यातल्या पोपटाकडून पाकीट काढून घेणारा आणि हे लोक, यांच्यात मला फरक करता येत नाही. पोपटवाला निदान दहा रुपयांत सोडतो.

मग कुणी विचारेल, टीचर, असं असताना त्या मुलीला कार्ड बघायला लावलंच कशाला? हराम म्हणून फोन बंद करायचा. माझं उत्तर असं. कार्ड आधीच तिच्या घरात येऊन बसलं होतं. फोन बंद केला असता तर फोटो गेला असता, डोळे बांधलेली ती बाई मुलीच्या मनात तशीच उभी राहिली असती. भीतीला नुसतं ‘नाही’ म्हणून ती जात नाही. तिच्याकडे नीट बघावं लागतं. कुणी टॅरोचा जोड विकत घ्यावा असं मी मुळीच म्हणत नाही. त्या चित्राऐवजी भिंतीवरचं कॅलेंडर किंवा बालभारतीतलं चित्र असतं तरी हेच झालं असतं. चित्रात ताकद नाही, बघण्यात आहे.

अर्थात आतल्या आवाजावर डोळे झाकून विश्वास ठेवणं हाही धोकाच. आतून अनुभव बोलतो तशी भीतीही बोलते, आणि लहानपणी शिकवलेला पूर्वग्रहही. मृत्यूचं कार्ड घ्या. काळं चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर. बघताच माणूस म्हणतो, घरात कुणीतरी जाणार. पण त्याच चित्रात घोड्यासमोर गुडघे टेकलेलं एक लहान मूल मान वर करून बघतंय आणि मागे दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य आहे. म्हणून माझा नियम साधा आहे, उताऱ्यावरच्या प्रश्नांसाठी मुलांना सांगते तोच: उत्तर लिहिलंस ना, आता ते उताऱ्यात कुठे आहे तिथे बोट ठेव. पाय मोकळे आहेत, यावर बोट ठेवता येतं. ‘चहूबाजूंनी शत्रू आहेत’ यावर ठेवता येत नाही. त्या चित्रात बाईखेरीज एकही माणूस नाही.

मुलीने घरी जाऊन आईलाही चित्र असंच दाखवलं. आई लगेच पटली असं झालं नाही. रात्री वडील आले, पुन्हा फोटो बघितला गेला. एकावन्नशे रुपये बाईला न देता अर्जासाठी ठेवायचे, एवढं त्या रात्री ठरलं. अर्ज मुदतीत गेला. वसतिगृहाच्या खर्चाचं काय करायचं हा प्रश्न मात्र उरला आणि तो कुठल्याच चित्राने सुटणार नव्हता. त्यासाठी शिष्यवृत्तीचे कागद जमवत आम्ही दोघी आठ दिवस फिरलो.

माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या मुलीच्या आयुष्याचं चित्र दुसऱ्या कुणी तुम्हाला वाचून दाखवत असेल, मग ते कार्ड असो, पत्रिका असो, फाल असो की शेजारणीला पडलेलं स्वप्न, तर पैसे काढायच्या आधी त्याला म्हणा, बोट ठेवून दाखवा. आणि मग ते चित्र मुलीच्या हातात द्या. तिला काय दिसतं ते विचारा आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.