गाडी आपली, वाट सर्वांची

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या वस्तीतील एका आजींच्या छातीत दुखू लागले. १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका नाक्यापर्यंत आलीही. पण नाक्यापासून घरापर्यंतच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी मोटारसायकली उभ्या होत्या आणि बहुतेकांचे हँडल लॉक होते. अखेर आजींना खुर्चीत बसवून चार पोरांनी त्या गाड्यांमधून कसेबसे बाहेर काढले. आजी वाचल्या. परंतु त्या रात्री वाट अडविणाऱ्या गाड्यांत एक गाडी आमचीही होती, हे आम्ही कबूल केलेच पाहिजे.

वस्तीत मोटारसायकल आली ही आनंदाचीच गोष्ट आहे. ज्या घरात काल सायकल नव्हती, त्या घरातील मुलगा आज हप्त्यावर गाडी घेतो, कामावर जातो, घर चालवितो. गाडी चोरीला गेली तर हप्ते मात्र चुकत नाहीत. म्हणून तो ती दारात लावतो, लॉक करतो. त्यात त्याचे काय चुकले? चुकते ते एवढेच, की दारापुढची जागाही आपलीच, असे आपण धरून चालतो.

संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी आणि तलावांबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आहे. सार्वजनिक रस्ता वापरण्यास जात, धर्म, लिंग यांवरून कोणालाही अडविता येणार नाही, असे तो सांगतो. वाट बंद असणे म्हणजे काय, हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी भोगले, त्यांनीच आपल्या गल्लीची वाट अडवावी काय? कायदाही स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२२ व्या कलमानुसार इतरांना धोका वा अडथळा होईल अशा जागी गाडी सोडून जाता येत नाही. पदपथ, बसथांबा, शाळा व दवाखान्याचे प्रवेशद्वार येथे गाडी लावणे नियमबाह्यच आहे.

पुनर्वसनाच्या इमारतींत तर प्रश्न जिवाचाच आहे. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मुंबईत गोरेगाव येथील झोपडपट्टी पुनर्वसनाच्या एका इमारतीत आग लागली. तळमजल्यावर, पार्किंगमध्ये कापडाची गाठोडी होती, गाड्याही होत्या. धूर वर चढला आणि किमान सात जणांचा जीव गेला. पेट्रोलने भरलेली गाडी जिन्याखाली ठेवणे, बॅटरीची स्कूटर रात्रभर तिथेच चार्जिंगला लावणे, म्हणजे वरच्या सर्व मजल्यांची सुटकेची वाट आगीच्या तोंडी देणे होय.

मग करावे काय? हँडल लॉक करू नका, असे आम्ही म्हणत नाही. परंतु लॉक केलेली गाडी अशा जागी असावी, की अडीअडचणीला ती हलवावी लागू नये. गल्लीच्या एकाच बाजूला, मेन स्टँडवर, ओळीने गाड्या लावल्या तर जागा कमी लागते. तापलेले सायलेन्सर भिंतीकडे असावे, गल्लीत लहान मुले खेळतात. चिखलात साइड स्टँड रुततो, त्याखाली सपाट दगड ठेवावा. उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. गाडीवर आपला फोन नंबर लिहावा. वस्तीच्या मंडळाने एक पांढरी रेघ मारून घ्यावी आणि तिच्या आत कोणाचीही गाडी येणार नाही, अगदी अध्यक्षांचीही नाही, असे ठरवावे.

त्याचबरोबर महानगरपालिकेलाही जाब विचारला पाहिजे. टॉवरमध्ये दोन-दोन गाड्यांना जागा आणि वस्तीला एका सायकलीचीही नाही, हा कुठला न्याय? पुलाखालची जागा, रात्री रिकामे असणारे मैदान वस्तीच्या गाड्यांसाठी मिळावे, असा अर्ज प्रत्येक वस्तीने वॉर्ड ऑफिसात द्यावा व त्याची पोच घ्यावी.

पण अर्जाचे उत्तर येईल तेव्हा येईल. रेघेच्या आत गाडी न लावण्याला कोणाची परवानगी लागत नाही. आमची गाडी आम्ही आता नाक्यावर लावतो. शंभर पावले चालावे लागते, एवढेच. आजींच्या दारापर्यंत वाट मोकळी आहे.