टाकीला विरजण

काचेच्या टाकीतला मासा मेला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं. ‘घरावर काहीतरी यायचं होतं, ते त्या बिचाऱ्यानं अंगावर घेतलं.’ मराठी घरात म्हणतात, कानडी घरातही म्हणतात, आणि आपल्यासारख्या दोन्ही भाषा नांदणाऱ्या घरांत ते दोन्हीकडून ऐकू येतं. ऐकणाऱ्याला बरं वाटतं. कुणाला दोष लागत नाही आणि येत्या रविवारी दुकानातून आणखी चार मासे आणायला मोकळीक मिळते. ते चारही पंधरा दिवसांत जातात. एवढी संकटं एकाच घरावर कुठून येतात, हा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही.

माझ्या घरी गेली वीस-बावीस वर्षं टाकी आहे. त्यामुळे गल्लीत कुणाकडे मासे मरायला लागले की मला बोलावणं येतं. हकिगत बहुतेक वेळा एकच. मुलाचा वाढदिवस, दोन फुटी टाकी, रंगीत खडे, बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या, आणि त्याच संध्याकाळी डझनभर मासे. पहिले चार-पाच दिवस सगळं झकास. मग मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि एकेक जायला लागतो. पाणी तर आरशासारखं स्वच्छ दिसत असतं. म्हणून घरच्यांची खात्री पटते, की हे काही पाण्याचं दुखणं नव्हे.

गेल्या वर्षी आमच्या मागच्या गल्लीतल्या एका घरी असंच झालं. बारा मासे होते, तीन आठवड्यांत एकही उरला नाही. त्या घरची मुलगी तिसरीत आहे. तिला वडिलांनी तेच ठरलेलं वाक्य सांगितलं होतं. मी गेलो तर ती मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, ‘काका, आता मासेच नाहीत. मग पुढचं संकट कुणावर येणार?’ मोठ्यांच्या समाधानासाठी काढलेलं वाक्य मुलाच्या मनात कुठं जाऊन बसतं ते बघा. मी तिला म्हटलं, संकटबिंकट काही नव्हतं, तुझे मासे अमोनियानं मेले. तिला ते लगेच पटलं. तिच्या आजीला पटवायला थोडा वेळ लागला.

मासा पाण्यातच खातो, पाण्यातच घाण करतो, आणि कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर. नदीत किंवा तळ्यात तो पसरून जातो, शिवाय त्यावर जगणारे जिवाणू तिथं आधीपासून असतात. नव्या कोऱ्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, पण माशाचे कल्ले भाजून काढतो. पाण्याचा पीएच 7 असेल तर त्यातला खरा विषारी भाग शंभरात एकाहूनही कमी असतो. पीएच 8 झाला की तोच भाग पाचांवर जातो. जड बोअरचं पाणी पुष्कळदा सातच्या वर असतं, त्यामुळे तेवढेच मासे एका घरी तग धरतात आणि शेजारच्या घरी मरतात.

यावर निसर्गात जी सोय आहे ती दोन पायऱ्यांची. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. पण नायट्राइटही विषच. ते माशाच्या रक्तात शिरलं की रक्त तपकिरी पडतं आणि प्राणवायू वाहून नेईनासं होतं. म्हणूनच एअर पंप जोरात चालू असूनही मासे वर येऊन धापा टाकतात. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते मात्र बरंच सौम्य. थोडं झाडं खातात, बाकीचं पाणी बदललं की जातं. जुन्या पुस्तकांत या दुसऱ्या जिवाणूंचं नाव नायट्रोबॅक्टर दिलेलं आढळेल. 1998 सालच्या संशोधनात असं दिसलं, की घरगुती टाक्यांत ते काम नायट्रोस्पायरा करतात. नाव बदललं, काम तेच.

हे सगळं मी त्या मुलीच्या आजींना सांगत होतो. आजी बैलहोंगलकडच्या, मराठी समजतं पण बोलतात कानडीच. बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘अंदर हेप्पु हाकबेकु, तम्मा!’ म्हणजे विरजण लावायला हवं! मी इतकी वर्षं लोकांना जे समजावून सांगतोय ते त्यांनी तीन शब्दांत संपवलं. दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही लागत नाही. टाकीतही तसंच. फरक इतकाच, की दही एका रात्रीत लागतं आणि टाकीला चार ते सहा आठवडे लागतात. कारण हे जिवाणू अगदी सावकाश वाढतात. नुसते दुप्पट व्हायलाच त्यांना अर्धा-एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. (‘सावकाश’ हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत एकच आहे. तेवढा तरी लक्षात ठेवावा.)

हे विरजण मिळतं कुठं? ज्यांची टाकी जुनी आहे आणि मासे निरोगी आहेत, त्यांच्याकडं. पण लोक जातात आणि बाटलीभर पाणी घेऊन येतात. त्याचा फारसा उपयोग नाही. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, ते स्पंजला, खडीला, काचेला चिकटून असतात. तेव्हा फिल्टरच्या जुन्या स्पंजचा तुकडा मागा, नाहीतर मूठभर खडी. त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणा आणि त्याच दिवशी आपल्या फिल्टरशेजारी ठेवा. वाळला की मेला. असं विरजण मिळालं तर महिन्याचं काम पुष्कळदा दोन आठवड्यांत उरकतं.

आता सुरुवातीपासून. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ छप्पन्न लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची जागा सोडली तर पंचेचाळीसच्या आसपास. काच, खडी, पाणी मिळून सहज साठ-सत्तर किलो भरतात. टीव्हीच्या शोकेसवर ती ठेवू नये. भक्कम टेबल, त्यावर थर्माकोलचा पत्रा, मग टाकी. खिडकीच्या उन्हात नको, नाहीतर महिन्याभरात पाणी हिरवं. टाकी नवी असेल तर ती आधी व्हरांड्यात पूर्ण भरून एक दिवस-रात्र ठेवा. गळणार असेल तर तिथंच गळू दे. कोपऱ्यातल्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तो जाईपर्यंत थांबा. आणि टाकीला साबण किंवा भांड्यांची पावडर लावायची नाही. अगदी एकदाही नाही. घासायला मीठ आणि भरपूर पाणी पुरतं.

खडी धुताना बादलीतलं पाणी नितळ होईपर्यंत धुवावी, मग दहा वेळा पाणी ओतावं लागलं तरी. तिच्यावर लिंबू पिळून बघा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, गोड्या पाण्याच्या टाकीला नको. वेंगुर्ल्याहून किंवा कारवारहून मुलांनी वेचून आणलेले शिंपले याच कारणानं शोकेसमध्येच शोभतात. ते पाण्यात हळूहळू विरघळतात आणि पाणी जड करतात.

पाण्याचं म्हणाल तर बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, शुद्ध करून, क्लोरीन घालून. क्लोरीन आपल्या पोटाला चालतं, पण माशाच्या कल्ल्यांना आणि आपण वाढवू पाहतोय त्या जिवाणूंनाही मारतं. उघड्या बादल्यांत पाणी भरून, त्यात एअर पंपची नळी सोडून चोवीस तास ठेवलं की ते बहुतेक उडून जातं. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीन थेंब मिळतात. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण प्राणवायूही कमी असतो, म्हणून तेही एक रात्र पंप लावून ठेवावं. हल्ली घरोघरी आरओ आलंय, तेव्हा काहीजण सगळ्यात शुद्ध पाणी म्हणून तेच ओततात. निव्वळ आरओचं पाणी नको. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि माशाला ते लागतात.

टाकी भरली, स्पंज फिल्टर लावला, पंप चालू केला. आता तो रात्रंदिवस चालू राहिला पाहिजे, ‘मासे नाहीत तर वीज कशाला’ असा हिशेब करू नये. जिवाणूंना प्राणवायू लागतो. आणि त्यांना खायला हवं, म्हणून रोज माशांचं खाणं चिमूटभर टाकायचं, रिकाम्या टाकीत. घरातली मंडळी हसतील. हसू द्या. खाणं कुजेल, अमोनिया होईल, त्यावर जिवाणू वाढतील. पहिल्या आठवड्यात पाणी दुधट दिसेल. तेव्हा घाबरून सगळं पाणी उपसू नका, ते आपोआप निवळतं. एखादं पाणवनस्पतीचं रोप लावलंत तर चांगलंच, तीही अमोनिया खाते. 1850 साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं गोल्डफिश, व्हॅलिसनेरियाची झाडं आणि गोगलगाई एकत्र ठेवून टाकीचा समतोल दाखवून दिला होता. ती रिबनसारखी व्हॅलिसनेरिया आजही आपल्याकडं सहज मिळते.

बाकी काम टेस्ट किटचं. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी जुळवायचा. त्या मुलीला मी हेच काम दिलं. तिनं एक जुनी वही घेतली आणि रोज तारीख घालून रंगपेटीनं रंग भरायला लागली. आधी अमोनियाचा रकाना हिरवा होत गेला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो फिका पडायला लागला आणि नायट्राइटचा रकाना जांभळा झाला. इथं बहुतेकांचा धीर सुटतो, अमोनिया गेला म्हणजे झालं असं वाटतं. तिच्या वडिलांनाही वाटलं. ‘स्वल्प तडी अप्पा,’ असं तिनंच त्यांना सुनावलं. अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य, रोजचं खाणं टाकूनही सलग चार-पाच दिवस तसंच, आणि नायट्रेट मात्र दिसतंय, असं झालं तरच टाकी तयार. तिची तेहतिसाव्या दिवशी झाली.

डिसेंबर-जानेवारीत टाकी लावणाऱ्यांसाठी एक सूचना. हे जिवाणू पंचवीस ते तीस अंशांत खूश असतात. बेळगावच्या थंडीत पाणी गारठतं आणि काम रेंगाळतं. पंचेचाळीस-पन्नास लिटरला पन्नास वॉटचा हीटर पुरतो. तसाही तो गप्पी-टेट्रासारख्या उष्ण पाण्यातल्या माशांसाठी घ्यावाच लागणार. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करायची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावा.

मासे आणण्याआधी निम्मं पाणी बदला, साठलेलं नायट्रेट कमी होईल. आणि आणताना डझन नको, चार-पाचच. तयार टाकीतले जिवाणू तुमच्या चिमूटभर खाण्यापुरते वाढलेले असतात, बारा माशांचा भार त्यांना एकदम झेपत नाही. सुरुवातीला झेब्रा डॅनिओ चांगले. मूळचे आपल्याच उपखंडातले, काटक आणि खेळकर. गोल्डफिश सगळ्यांना हवा असतो, पण तो वीतभर वाढतो आणि घाणही त्या मानानं करतो. दोन फुटी टाकी त्याला अपुरी. काचेच्या गोल भांड्याबद्दल तर मी बोलतच नाही.

पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला, शेवटी मासे जाळीनं सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. त्या रात्री दिवा बंद ठेवा आणि खायला काही घालू नका. पुढं आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं. स्पंज मळला की नळाखाली धरायचा नाही, नाहीतर महिन्याचं विरजण एका मिनिटात गटारात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्यायचा. पुढचे मासे दोन आठवड्यांनी, किट बघून.

मागच्या गल्लीतले झेब्रा आता सात महिन्यांचे जुने झालेत. परवा त्या मुलीनं फिल्टरचा स्पंज कापून अर्धा तुकडा डब्यात पाणी घालून आणून दिला. आमच्याच ओळखीत एकांकडं नवी टाकी आली आहे, त्यांना पोचवायचा होता. डब्याच्या झाकणावर तिनं कागद चिकटवलाय. त्यावर एका बाजूला मराठीत ‘विरजण’ आणि दुसऱ्या बाजूला कानडीत ‘हेप्पु’ लिहिलंय. खाली लाल पेननं : पिऊ नये.