वांगणीचं घर कुणाला परवडतं?

‘परवडणारं घर’ हा शब्द सरकारी आहे. आमच्याकडचा माणूस घराबद्दल असं बोलत नाही. तो घर बांधतो, शाकारतो, नाहीतर ‘भावांत अडकलंय’ म्हणून गप्प बसतो. पण गेली दोनेक वर्षं हा शब्द तळेऱ्यापर्यंतही पोचलाय, कारण गिरणी कामगारांच्या वारसांना शेलू आणि वांगणीला घरं मिळणार अशी चर्चा आहे. मुंबई-गोवा महामार्गावरचं आमचं हे नाक्याचं गाव. एक रस्ता विजयदुर्गाकडे उतरतो, एक वैभववाडीवरून गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला जातो, आणि माणसं मात्र पिढ्यानपिढ्या मुंबईच्याच रस्त्याला लागली. या पट्ट्यात गिरणीशी संबंध नसलेलं घर शोधावं लागेल.

योजना थोडक्यात अशी. मार्च 2024 च्या शासन निर्णयानुसार शेलू आणि वांगणी इथे मिळून 81 हजार घरं बांधायची. घर पंधरा लाखांच्या आसपास. त्यातले साडेपाच लाख सरकार सोसणार, साडेनऊ लाख कामगारानं भरायचे. मुंबईत त्या पैशात मोटार उभी करायची जागासुद्धा येणार नाही, तेव्हा ऐकायला हे बरंच वाटतं. त्याच निर्णयात, हे घर नाकारलं तर हक्क संपला, अशा अर्थाचं सतरावं कलम होतं. त्यावरून जुलै 2025 मध्ये आझाद मैदानात म्हातारे कामगार आणि त्यांची मुलं पावसाळ्यात येऊन बसली. त्यांची मागणी एका ओळीची होती : घर मुंबईत द्या.

ही मागणी हट्टाची आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि ते सगळे काही दक्षिण मुंबईत राहत नाहीत. आमच्याच नाक्यावर चहा पिताना ऐकू येतं, ‘गावाक घर आसा, मगे मुंबयत कित्याक होया?’ मला या वाक्याचा राग येतो, कारण गेली शंभर वर्षं नेमक्या याच वाक्यावर मुंबईनं आपले पैसे वाचवले आहेत.

गिरणगावातल्या गावमंडळांच्या खोल्या आठवा. लालबाग, परळ, भायखळा, माझगाव इथल्या चाळींत गावानं एकेक खोली घेतलेली असायची. दीडशे-दोनशे चौरस फुटांत वीस-पंचवीस गडी. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, दोरीवर दोन कपडे. पहिल्या पाळीचा गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा. जेवण खानावळीत. खोलीत बाई नाही, मूल नाही, आजारी माणूस फार दिवस नाही. आपण या खोल्यांबद्दल नेहमी गहिवरून लिहितो : भजनं, नाटकं, एकोपा. ते होतं, खोटं नाही. पण हिशेबाच्या नजरेनं पाहिलं तर त्या खोलीचा अर्थ असा, की गिरणीनं पगार दिला तो फक्त एका माणसाच्या दोन वेळच्या जेवणाचा आणि वळकटीपुरत्या जागेचा. त्याची बायको, मुलं, म्हातारे आईबाप, त्याचं स्वतःचं आजारपण आणि म्हातारपण हा सगळा खर्च तळेरे, कासार्डे, खारेपाटण, नांदगाव यांनी उचलला. बायकांनी उचलला, असं म्हणणं जास्त खरं. भात लावलं त्यांनी, गोठा सांभाळला त्यांनी, आणि मनिऑर्डर आली नाही त्या महिन्यात दुकानदाराकडे उधारी मागायला गेल्याही त्याच.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप इतका लांबला कसा, याची उत्तरं दत्ता सामंतांच्या स्वभावात आणि कामगारांच्या चिवटपणात शोधली जातात. एक उत्तर आमच्या पडवीत होतं. हजारो कामगार गावी आले आणि पेज-भातावर, कुळथाच्या पिठीवर राहिले. संपाची शिदोरी कोकणानं आणि घाटावरच्या गावांनी पुरवली. त्या शिदोरीची कुठेही नोंद नाही, आणि आज तेच घर पुढे करून सांगितलं जातं की तुम्हाला मुंबईत हक्क कशाला.

शिवाय ‘गावी घर आहे’ हे विधान कागदावर तपासून बघावं. आमच्याकडे घराखालच्या जमिनीचा सातबारा काढला तर त्यावर नावांची रांग निघते. मेलेल्यांची, लग्न होऊन गेलेल्या बहिणींची, पणजोबाच्या चुलतभावाच्या नातवंडांची. सामाईक जमीन, वाटप झालेलं नाही, एकाची सही मिळाली तर दुसरा दुबईत. एका घरात चार चुली, आणि गणपतीला सगळे आले की माणसं माळ्यावर, मांगरात, शेजाऱ्याच्या ओटीवर झोपतात. या घरात त्या वारसाचा वाटा किती, तर एका भिंतीचा तुकडा. त्या तुकड्यावर बँक कर्ज देत नाही, आणि तिथं राहून पोट भरेल असं कामही आसपास नाही. ते असतं तर आजोबा गेलेच कशाला असते?

आता अंतराकडे येतो, कारण खरं भांडण अंतराचं आहे.

1920 साली मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता जॉर्ज लॉइड. त्या सरकारनं कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचं ठरवलं आणि त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया कर बसवला. त्यातून बीडीडी चाळी उभ्या राहिल्या : वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती, सोळा हजारांच्या आसपास खोल्या. त्या काँक्रीटच्या खुराड्यांवर तेव्हाही टीका झाली, आणि योग्य झाली. खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. पण दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. खर्चाचा एक भाग कापसाच्या धंद्यावर टाकला होता, आणि भोंगा झाला की कामगार चालत गिरणीत पोचत होता. हे गोऱ्या साहेबाचं सरकार होतं. कामगारांचा कळवळा असल्याची त्याची ख्याती नव्हती. त्याच सुमारास, 1923 पासून, व्हिएन्नाच्या नगरपालिकेनं घरांवर चढता कर लावला, म्हणजे मोठ्या बंगल्याला मोठा, आणि दहा-अकरा वर्षांत साठ हजारांवर घरं शहराच्या आत बांधली. शंभर वर्षांपूर्वी दोन्हीकडे एक गोष्ट गृहीत होती : काम शहरात असेल तर कामगाराचं घरही शहरात.

आमच्या लोकशाही सरकारनं ती सोडली. तीही एका फटक्यात नव्हे, शब्दाशब्दानं. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला 58 वा नियम सांगत होता की गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर ढोबळमानानं एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. मुंबईच्या पोटात सहाशे एकरांच्या आसपास गिरण्यांची जमीन होती. म्हणजे जागा नव्हती हे कुणी सांगू नये. 2001 मध्ये नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची ठरली. शेड पाडून जी जमीन निघेल ती वाटणीत धरायची नाही. गिरणी म्हणजे बहुतेक शेडच. ती वगळली की वाटायला उरतं ते अंगण. ऑक्टोबर 2005 मध्ये उच्च न्यायालयानं हे अडवलं, मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचा बदल ग्राह्य धरला. दरम्यान राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं 2005 मध्ये लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल 702 कोटींना विकली होती.

त्या उरल्यासुरल्या तुकड्यांवर गिरणी कामगारांना किती घरं मिळाली? 2012 च्या सोडतीत 6,925, 2016 मध्ये 2,634, 2020 मध्ये 3,894. त्यात 2016 ची आणखी 2,417 मिळवा, ती पनवेलजवळच्या कोनला. एकूण 15,870. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. कोनच्या घरांची गोष्ट तर वेगळ्या लेखाची आहे : सोडत 2016 ची, मध्ये कोविडचं विलगीकरण केंद्र झालं, घरांची दुर्दशा झाली, आणि चाव्या मिळेपर्यंत सातेक वर्षं गेली. लॉइडसाहेबानं पन्नास हजारांचं वचन देऊन सोळा हजारांवर थांबवलं होतं. शंभर वर्षांनी आपलीही गाडी त्याच आकड्याला येऊन थांबली, फक्त वचन तिप्पट मोठं होतं आणि बिल कामगाराच्या हातात होतं.

उरलेल्यांना वांगणी. मुंबईहून कर्जतच्या वाटेवर बदलापूरच्या पुढचं स्टेशन, त्यापुढे शेलू. दोन्ही ऐंशी किलोमीटरच्या आसपास. बदलापूरच्या पुढे गाड्या विरळ होतात, आणि एक गेली की पुढची कधी हे पाठ असावं लागतं. घरातून स्टेशन, गाडी, उतरून कामाची जागा, असा एका बाजूला दोन तासांहून कमी हिशेब मला कुणी दाखवावा. दोनच धरू. रोजचे चार तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे 1,200 तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर वर्षाला दीडशे दिवसांची बिनपगारी हजेरी. वीस वर्षं नोकरी केली तर तीन हजार दिवस, म्हणजे कामाची पुरी दहा वर्षं रेल्वेच्या डब्यात उभ्यानं. साडेनऊ लाखांत ही दहा वर्षं कुणी मिळवली आहेत का? शासन निर्णयात साडेपाच लाखांची सवलत लिहिली आहे, ही दहा वर्षं लिहिलेली नाहीत.

तासांपुरतं असतं तरी एक वेळ सोसलं असतं. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींशेजारून जाताना दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. किमान चौघांचा जीव गेला. ती याच मध्य रेल्वेच्या वाटेवरची गर्दी. त्याआधी 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, रोज उतरणारी माणसं कैक पटींनी वाढली, पूल मात्र तेवढाच राहिला. जिथे गिरणी होती तिथेच आज नातू पहारेकरी आहे, झाडलोटीला आहे, जेवणाचे डबे पोचवतो आहे. त्याचा आजोबा तिथे चालत यायचा.

आणि पाऊस. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात हजारावर प्रवाशांसह अडकली, नौदल आणि आपत्ती दलाला बोटी न्याव्या लागल्या. ती जागा बदलापूर आणि वांगणीच्या मधली.

‘निदान स्वतःचं घर तरी होईल’ हा युक्तिवाद मात्र मी उडवून लावणार नाही. जो सत्तर ओलांडलेला कामगार नालासोपाऱ्याला नाहीतर दिव्याला दर अकरा महिन्यांनी भाड्याची खोली बदलतो आहे, त्याला मरण्यापूर्वी मुलाच्या नावावर काहीतरी करायचं आहे. त्यानं वांगणीसाठी होकार भरला तर त्याला दोष देणारा मी कोण? माझा आक्षेप त्याला दुसरा पर्याय न ठेवण्याला आहे. चाळीस वर्षं थांबवून दमवायचं आणि मग दमलेल्या माणसाच्या सहीला संमती म्हणायचं, हा व्यवहार सावकारी आहे. ‘घेतलंस तर हे, नाहीतर काहीच नाही’ असं आमच्याकडे खोताचं बोलणं असायचं.

आमच्या पुढाऱ्यांबद्दलही बोलायला हवं. गणपतीला फुकट रेल्वे, फुकट एसटी, वाटेत वडापाव, टोलमाफीचे पास, महामार्गभर स्वागताच्या कमानी. चाकरमान्याचं वर्षातून एकदाचं अंतर कमी करायला सगळे पक्ष धडपडतात. रोजचं अंतर कमी करायची मागणी कोकणातल्या किती उमेदवारांच्या तोंडी आली? आणि आपण, तळेऱ्यातले, त्या बसच्या तिकिटासाठी कार्यकर्त्याला फोन करतो आणि मत देऊन मोकळे होतो. गावमंडळांनीही या प्रश्नावर कधी ठराव केले नाहीत. सभागृह, मंदिराचा जीर्णोद्धार, वर्धापनदिन यांतून वेळ झाला नाही. त्याच मंडळांच्या खोल्यांच्या इमारती आता पुनर्विकासात जात आहेत; भाडेपावती एका नावाची, म्हणून घरही एक मिळणार, आणि ज्या वीस-पंचवीस जणांनी पन्नास वर्षं वर्गणी भरली त्यांची वळकटी कुठे जाणार, हे विचारायला मंडळाची सभा बोलवायला कुणी तयार नाही.

जमीन संपली असं सांगणाऱ्यांना अजून काही पत्ते देतो. परळची टाटा मिल, लोअर परळची पोदार मिल, काळाचौकीजवळची दिग्विजय मिल. तिन्ही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या. मार्च 2020 च्या टाळेबंदीत तिथली यंत्रं थांबली. जमीन सरकारची, अर्जदार सरकारदरबारी नोंदलेले. या जमिनींवर गिरणी कामगारांसाठी किती घरं बसतात, याचा आराखडा राज्य सरकारनं जाहीरपणे मांडावा, आणि तो येईपर्यंत वांगणीच्या होकारनाम्यावर कुणाचा मुंबईतला हक्क संपणार नाही असं लेखी द्यावं. तळेरे, कासार्डे, खारेपाटणच्या ग्रामसभांनी एवढे दोन ठराव केले आणि मुंबईच्या मंडळांनी ते मंत्रालयात नेऊन दिले, तर पुढच्या गणपतीत बसच्या तिकिटाखेरीज बोलायला काहीतरी असेल.