सांगडीचा दोर

मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, बुलढाणा यांस,

मी दुसरबीड, तालुका सिंदखेडराजा येथील एक वृद्ध रहिवासी.

राहेरीच्या पुलाखालून वाहणाऱ्या खडकपूर्णेच्या परिसरात ज्यांचे बालपण गेले, त्या आमच्या पिढीला पोहणे विहिरीने शिकविले. आणि त्या शिक्षणाचा एकच अलिखित कायदा असा होता की, पाठीला सुकलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधलेले पोर पाण्यात उतरण्यापूर्वी त्याच्या कमरेच्या दोराचे दुसरे टोक काठावरच्या जाणत्या माणसाच्या मुठीत असले पाहिजे. माझे वडील तो दोर मनगटाला दोन वेढे देऊन धरीत, आणि मी वर येईपर्यंत कोणी हाक मारली तरी मान वळवीत नसत.

पुढे देऊळगाव महीजवळ धरण झाले, संत चोखासागर जलाशय भरला, गावोगावचे पाझर तलाव भरले. पाणी विस्तीर्ण झाले, पण तो दोर मात्र विहिरीपाशीच राहिला. आज ट्रॅक्टरची ट्यूब, पिंपांवर बांधलेल्या फळ्या, पोत्यात शिवलेले थर्मोकोल, जे तरंगेल ते घेऊन मुले खोल पाण्यात जातात. एका तलावावर मी स्वतः पाहिले की, बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हातून ट्यूब निसटली, आणि तो तिच्यामागे पोहू लागला. हवेने भरलेली वस्तू पाण्यात जेमतेम टेकलेली असते, तिचा सारा अंमल वाऱ्याकडे. त्यामुळे मूल चार हात पुढे जाई तो ट्यूब सहा हात सरके. मासे धरणाऱ्या एका भोई बांधवाने आपला थर्मोकोलचा तराफा वल्हवीत नेऊन त्याला काठावर आणले, तेव्हा त्याची बोटे तराफ्याच्या कडेवरून सुटेनात. नखांत थर्मोकोलचे पांढरे दाणे रुतले होते.

भोपळे किंवा ओंडके जखडून केलेल्या तरंडाला आपण सांगड म्हणतो. भोपाळच्या खटलापुरा घाटावर १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे दोन होड्यांची अशीच सांगड घालून थोर गणेशमूर्ती विसर्जनास नेली, भार एका अंगाला कलला, आणि अकरा तरुण बुडाले. त्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. उजनीच्या जलाशयात २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जीव गेले. या दोन्ही घटनांत दैवाचा भाग थोडा आणि पूर्वतजविजेचा अभाव फार, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ याने यंत्राविना चालणाऱ्या नौकांची नोंद स्थानिक पातळीवर घेण्याची वाट मोकळी केलेली आहे. तेव्हा विनंती अशी की, जिल्ह्यातील प्रत्येक तराफ्यावर मालकाचे नाव व किती माणसांचा भार तो सोसतो हा आकडा ठळक रंगवलेला असावा; सूर्यास्तानंतर तो साखळीने काठाला जखडलेला असावा; जाकिटाशिवाय त्यावर कोणी बसू नये, आणि वारा सुटताच पाण्यावरील वर्दळ बंद करण्याचा अधिकार तलाठी व पोलीस पाटील यांना लेखी मिळावा. पोहणाऱ्यांसाठी काठापासूनची हद्द तरंगत्या दोराने मुक्रर व्हावी. ट्यूब त्या हद्दीपलीकडे जाऊ नये, आणि हद्दीतही ती दोराविना नसावी. भोई बांधवांचा तराफा हे त्यांचे पोट आहे. म्हणून त्यांची नोंद विनामूल्य व्हावी, जाकिटे सरकारने द्यावीत, आणि जप्तीचा बडगा त्यांच्यावर प्रथम उगारला जाऊ नये, कारण बुडत्या मुलापर्यंत सर्वांआधी तेच पोहोचतात.

या साऱ्याचा हुकूम गणेश विसर्जनापूर्वी निघावा. त्या दिवशी काठावर दोर धरून बसण्यास माणसांची गरज पडली, तर दुसरबीडच्या यादीत पहिले नाव माझे लिहून घ्यावे. पोहण्याची उमेद आता उरली नसली, तरी मनगटाला दोन वेढे देऊन बसणे मला अजून जमते.

आपला नम्र,
दुसरबीडचा एक रहिवासी