आठवड्यातून एकच फोन

हेंद्रेपाड्यातल्या आमच्या वन बीएचकेत रविवारी सकाळी दोन गोष्टी हमखास होतात. वॉशिंग मशीन लागतं आणि आईचा फोन येतो. पहिली गोष्ट मी मन लावून करते. दुसरीला बऱ्याचदा ‘नंतर करते गं’ असा मेसेज जातो.

गेल्या रविवारी रूममेटने हे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘तुला आमच्या टीम लीडकडे पाठवायला हवं.’’ तिचा टीम लीड युटाचा, मॉर्मन. विशीच्या आधीच दोन वर्षं मिशनरी म्हणून ब्राझीलला गेलेला. तेव्हा घरी फोन वर्षातून दोनदाच, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. एरवी पत्रं. माझ्या डोक्यातला मॉर्मन मिशनरी म्हणजे पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नेमप्लेट, बस्स. फोनचा मामला नवा होता. झालं, माझ्यातली पत्रकार जागी झाली. (डेडलाइनही होतीच.)

तर या मंडळींचं मोठं ट्रेनिंग सेंटर आहे युटातल्या प्रोव्होला. आपली कॉर्पोरेट इंडक्शन्स त्याच्यापुढे पिकनिक! आत गेल्यावर आधी तुमचं नाव जातं. तुम्ही ‘एल्डर’ अमुक, मुलगी असाल तर ‘सिस्टर’ तमुक. मिसरूड फुटलेल्या पोराला एल्डर म्हणायचं, म्हणजे वडीलधारा! (२०१२ पासून तर मुलं अठराव्या वर्षीच जाऊ शकतात.) मग एक जोडीदार मिळतो. तो आपण निवडायचा नाही. बाथरूम सोडलं तर सतत त्याच्यासोबत राहायचं. साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवे बंद. कुठल्या देशात जायचं तेही चर्चच कळवतं, आणि खर्च मात्र बहुतेकदा स्वतःचा किंवा आईवडिलांचा. गिझर कुणी बंद केला नाही यावरून रूममेटशी दोन दिवस न बोलणारी मी तिथे किती टिकले असते, हिशेब तुम्हीच करा.

पहिल्या तासाला शिक्षक वर्गात आला आणि थेट पोर्तुगीजमध्ये सुरू झाला. टीम लीडला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तिसऱ्या रात्री तो बाथरूममध्ये जाऊन रडला, कारण एकटं राहायला तेवढीच जागा होती.

आपल्याकडे कधी कुणी मॉर्मन आला होता का, म्हणून शोधलं. आला होता की! १८५२ मध्ये ह्यू फिंडले मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला गेला. त्याला ना प्रोव्हो, ना क्रॅश कोर्स. मराठी त्याने इथेच येऊन शिकायला घेतली. हाताला लागले थोडे लोक, तेही बरेचसे गोरे सैनिक. १८५५ मध्ये तो परतला.

पण मी अडकले ते त्याच्याही आधीच्या माणसापाशी. गॉर्डन हॉल. हा मॉर्मन नव्हे, अमेरिकन प्रोटेस्टंट. निघण्याआधीचं याचं ट्रेनिंग काय, तर फिलाडेल्फियात वैद्यकीची काही लेक्चर्स. ११ फेब्रुवारी १८१३ ला तो आणि सॅम्युएल नॉट मुंबईत पोचले. कंपनी सरकार म्हणालं, चालते व्हा! कलकत्त्याहून आधीच तसा हुकूम मिळालेला, त्यात अमेरिका-इंग्लंड युद्ध पेटलेलं. म्हणजे नोकरीचा पहिला दिवस आणि हातात रिलीव्हिंग लेटर. गव्हर्नर नेपियनकडे अर्ज-विनंत्या चालल्या होत्या आणि शेजारी मराठीचा अभ्यास. उद्या बोटीवर बसवतील की काय हे माहीत नसताना मराठीची बाराखडी कोण गिरवतं? हा गिरवत होता. शेवटी राहायला मिळालं. मग गावोगाव मराठीत बोलत तो तेरा वर्षं फिरला.

त्याचं म्हणणं लोकांना पटलं का, हा वेगळा विषय. फारसं नाहीच पटलं. धर्मांतराबद्दल तुमची-माझी मतं काही का असेनात, मला दिसतं ते एवढंच, की १८२५ मध्ये त्याने बायको आणि दोन मुलांना अमेरिकेच्या बोटीत बसवलं. एक मुलगा वाटेतच गेला. पुढच्या मार्चमध्ये नाशकात पटकी पसरलेली असताना जवळची औषधं वाटून हॉल मुंबईकडे निघाला आणि वाटेत त्यालाच पटकी झाली. एका देवळाच्या ओसरीत, चटईवर त्याने प्राण सोडला. तारीख २० मार्च १८२६. वय एक्केचाळीस. घरापर्यंत ही बातमी जहाजाने जायची होती.

मॉर्मन चर्चने फेब्रुवारी २०१९ मध्ये नियम बदलला. आता मिशनरींना दर आठवड्याला घरी फोन करता येतो, व्हिडिओ कॉलसुद्धा. टीम लीडची मुलगी सध्या ट्रेनिंगमध्ये आहे. हल्ली सुरुवातीचे दिवस घरूनच, ऑनलाइन. त्यामुळे ती आपल्याच खोलीत परकी भाषा घोकत होती आणि आई बाहेर ताट घेऊन उभी. आता ती सेंटरला गेलीय. आठवड्यातला एक मोकळा दिवस असतो, त्या दिवशी फोन. त्या वेळेत मीटिंग नको, असं त्याने टीमला सांगून ठेवलंय. मागच्या वेळी ती चार मिनिटं बोलली आणि म्हणाली, ‘‘ठेवते डॅड, कपडे धुवायचेत.’’

हे ऐकलं आणि मी आईला फोन लावला.

‘‘मशीन लावलंस का?’’ ती म्हणाली. ‘‘मग आधी कपडे वाळत घाल. मी आहे इथेच.’’